नवव्या भागातलं हसू

बुधवारी दुपारी पोस्टमन खोकं देऊन गेला तेव्हा अराक्सीबाई वांगी तळत होत्या. खोकं कर्टिसच्या नावाचं होतं. कर्टिस म्हणजे त्यांच्या मुलाचा, वाहानचा, नवरा. त्या दोघांच्या दारातून सामान चोरीला जायचं, म्हणून तो सगळं ग्लेनडेलला सासूच्या पत्त्यावर मागवायचा. बाईंनी सवयीप्रमाणे त्याला फोन लावला.

"आलं का?" कर्टिस ओरडलाच. "उघडा, आई, उघडा! 'दारावर दोन नावं' मालिकेच्या सगळ्या सीझनच्या डिस्क आहेत. रविवारी तुमच्याकडेच बसून बघू. तुम्ही तर त्याच्या शूटिंगला गेला होतात ना? वाहान सांगत होता."

बाईंच्या हातातला झारा तेलात पडला.

"कोण, मी? छे! म्हणजे... एकदाच. अगदी मागे बसले होते. काही दिसलंसुद्धा नाही."

फोन ठेवून त्यांनी गॅस बंद केला आणि मटकन खुर्चीत बसल्या. तीस वर्षं ज्या गोष्टीला त्या भीत आल्या होत्या, ती आज पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून टपालाने घरी आली होती.

त्याचं असं झालं होतं. १९९४ साली त्यांची नणंद हर्मिने हिला बाजारात कुणीतरी फुकट पास दिले. बरबँकच्या स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर मालिकेचं शूटिंग. ग्रँट नावाचा दातांचा डॉक्टर आणि लेस्टर नावाचा पियानो दुरुस्त करणारा, असे दोन पुरुष एका घरात राहतात, एकमेकांवर प्रेम करतात आणि दिवसभर भांडतात, अशी ती मालिका. त्या दिवशीच्या भागात लेस्टर आपल्या आईला पहिल्यांदा खरं सांगतो. म्हणतो, "आई, ग्रँट माझा भाडेकरू नाही." आई काहीच बोलत नाही. हातातला कप अगदी जपून खाली ठेवते, पण बशीत नाही, हवेत. कप फुटतो. सगळे प्रेक्षक श्वास रोखून गप्प. आणि त्या शांततेत अराक्सीबाई हसल्या.

त्यांचं हसणं साधं नव्हतं. आधी जुनी मोटार चालू होता होता बंद पडावी तशी तीन-चारदा घरघर, आणि मग एकदम शिट्टी. या हसण्यापायी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्यांना शेवटच्या बाकावर बसायची हात जोडून विनंती केली होती. स्टुडिओत तर मायक्रोफोन बरोबर त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता.

तेव्हा वाहान पंधरा वर्षांचा होता. हीच मालिका तो स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर, आवाज अगदी बारीक करून, एक डोळा दाराकडे ठेवून बघायचा. तो भाग लागायचा होता त्या दिवशी बाईंनी टीव्हीची तारच कापून टाकली. पुढे कधी तो परत दाखवला गेला, तर कधी त्यांचं डोकं दुखलं, कधी रिमोट हरवला. वाहान मोठा झाला, त्यानेही एक दिवस आईला खरं सांगितलं, त्याचं लग्न झालं, लग्नात बाई पाय दुखेपर्यंत नाचल्या. ते हसणं मात्र त्यांनी वाहानला कधीच सांगितलं नाही. जे बोलायला आपला मुलगा वर्षानुवर्षं घाबरला, त्यालाच आपण भर सभेत हसलो. आता तो ऐकेल तेव्हा काय म्हणेल?

रविवारी सकाळी त्यांनी खोक्यातून नेमकी ती डिस्क काढली. 'सीझन दोन, भाग नऊ ते बारा.' कचऱ्यात टाकावी तर कर्टिस आल्या आल्या कचरा बाहेर नेऊन ठेवणार, तोही नीट वेगळा करून. गादीखाली ठेवावी तर वाहानला दुपारी आडवं व्हायची सवय. शेवटी त्यांनी अवन उघडला. ईस्टरपासून तो पेटलेला नव्हता, आत नुसते तवे आणि कढया. मधल्या तव्यावर डिस्क ठेवून त्यांनी दार लावलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

दुपारी दोघं आले. कर्टिसने घरून चीज भरलेले खुसखुशीत बोरेक करून आणले होते. पहिला सीझन सुरू झाला.

"बघ रे, बघ!" वाहान म्हणाला. "सोफ्यावर दोघांच्या मध्ये अजून तिघं बसतील एवढी जागा!"

"सात वर्षं एका घरात राहतात आणि एकदासुद्धा हातात हात नाही," कर्टिस म्हणाला. "भाऊ-भाऊ तरी यापेक्षा जवळ बसतात."

"हसू नकोस. तेव्हा मला एवढंसुद्धा पुष्कळ वाटायचं. वाटायचं, जगात निदान दोघं तरी आहेत."

अराक्सीबाईंना हे ऐकवेना. "पुरे झालं ना आता?" त्या म्हणाल्या. "जरा फिरून येऊ. हवा किती छान आहे!"

"अडतीस डिग्री आहे, आई."

"मग पत्ते खेळू."

"थांब गं, आता दुसरा सीझन लावू. त्यातच तो भाग आहे, आईला सांगतो तो." वाहानने खोकं पुढे ओढलं. "अरेच्चा! यात एक डिस्क कमी आहे."

"कंपनीने ठेवली नसेल," बाई घाईघाईने म्हणाल्या. "हल्ली असंच करतात. लुच्चे असतात."

"मी तक्रार करतो," कर्टिस आतून म्हणाला. तो केव्हाच उठून स्वयंपाकघरात गेला होता.

"तू आत काय करतोयस?"

"काही नाही, आई, तुम्ही बसा! बोरेक गरम करायला अवन लावलाय."

बाई अर्ध्या उठल्या. 'अवन बंद कर' म्हणावं, तर 'का?' असं विचारणार. 'का' सांगावं, तर सगळंच सांगावं लागणार. त्या परत खाली बसल्या. सोफ्याची कड मुठीत घट्ट धरून त्या देवाला विनवत होत्या, आज एक दिवस तो अवन बिघडू दे.

अवन बिघडला नाही. आधी रबर जळल्यासारखा वास आला, मग दाराच्या फटीतून काळा धूर, मग छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागला. कर्टिस खोकत बाहेर आला. "आई, बाहेर चला! वाहान, फोन कर!"

सात मिनिटांत बंब आला. सार्किस नावाचा दांडगा अधिकारी आत गेला, अवन बंद केला, खिडक्या उघडल्या, दारात मोठा पंखा लावला. मग चिमट्यात एक तवा धरून तो व्हरांड्यात आला. तव्यावर काहीतरी चंदेरी, अंड्यासारखं पसरलं होतं.

"मावशी, हे काय शिजवत होतात?"

वाहान वाकला. डिस्कची एक कड शाबूत होती. त्याने मोठ्याने वाचलं, "सीझन दोन, भाग नऊ."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"पडली असेल," त्या म्हणाल्या.

"अवनमध्ये?"

"साफसफाई करताना. तुम्ही नाही का कुठेही चाव्या ठेवत?"

"आई, तू घाबरलीस की तुझे कान लाल होतात. आत्ता लाल आहेत."

"आग लागली होती! लाल होणार नाहीत तर काय हिरवे होतील?"

कर्टिसला सासूची दया आली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जाऊ दे रे. म्हातारपणी होतं असं. आणि त्यात काय एवढं? सगळे भाग इंटरनेटवर आहेत. नववा आत्ता लावतो."

अराक्सीबाईंना वाटलं, आपणच आगीत जाऊन बसावं.

धूर पुरता निघेपर्यंत सार्किसला थांबणं भाग होतं, म्हणून तोही हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला. "माझी आईसुद्धा बघायची हे," तो म्हणाला. "पडदे ओढून."

भाग सुरू झाला. बाई दाराजवळ उभ्या राहिल्या. लेस्टर आला, आई आली, कॉफी आली. पडद्यावर लेस्टर म्हणाला, "आई, ग्रँट माझा भाडेकरू नाही." बाईंनी डोळे गच्च मिटले. कप फुटला.

शांतता. नुसती शांतता. मग प्रेक्षकांतून एक हळवा, लांबलेला सुस्कारा आला.

अराक्सीबाईंनी एक डोळा उघडला. "हे काय? माझं हसणं कुठे गेलं?"

"कसलं हसणं?"

"अरे, मी हसले होते ना इथे! सगळ्यांत मोठ्याने! तो स्टेजवरचा माणूससुद्धा दचकला होता! परस्पर कापून टाकलं मेल्यांनी?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. कुणीतरी टीव्ही थांबवला.

वाहान सावकाश म्हणाला, "म्हणजे आत्या खरं बोलत होती."

"हर्मिने? ती काय बोलली?"

"तुम्ही दोघी शूटिंगहून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. 'तुझी आई त्या पोरावर हसली' म्हणून. मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन हा भाग बघितला. कप फुटला, कुणीच हसलं नाही. मी टीव्ही बंद केला आणि तिला खोटारडी म्हणून निघून आलो. त्यानंतर तिच्याशी धड बोललोसुद्धा नाही. तीस वर्षं, आई!"

बाई भिंतीला टेकल्या. "त्या पोरावर नाही हसले रे. तो सांगायला लागला आणि मला एकदम तू दिसलास. स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून बसलेला. वाटलं, उद्या माझं पोर माझ्यासमोर असं उभं राहणार आणि माझ्याही हातून कप सुटणार. इतकी भीती वाटली, इतकी, की रडायच्या ऐवजी तेच बाहेर पडलं. माझं काय ते यंत्रच बिघडलेलं आहे."

सार्किस हेल्मेटमध्ये बघत बसला. कर्टिसला काय करावं सुचेना, म्हणून त्याने टीव्ही पुन्हा चालू केला.

पडद्यावर लेस्टरची आई दार आपटून निघून गेली. ग्रँट आत आला आणि लॅम्पशेडबद्दल काहीतरी म्हणाला. तेवढ्यात टीव्हीतून तीन-चारदा घरघर झाली आणि शिट्टी वाजली.

चौघांनी ऐकली. हसणं कापलं नव्हतं, पुढे नेऊन चिकटवलं होतं.

"हा विनोद तर मला आत्तासुद्धा कळला नाही," अराक्सीबाई म्हणाल्या.

आधी सार्किसला हसू फुटलं, मग कर्टिसला. वाहानने तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलायला लागले. बाई पाय ओढत आल्या आणि त्याच्या शेजारी, अगदी चिकटून बसल्या. त्या दिवशी स्टुडिओत लाजेने त्यांच्या कानांत नुसता गुंजारव झाला होता. पुढचं काहीच त्यांनी ऐकलं नव्हतं.

"वाहान," त्यांनी भीत भीत विचारलं, "ती आई परत येते का रे?"

"येते," वाहान डोळे पुसत म्हणाला. "पण पुढच्या सीझनमध्ये. मी सांगितलं तेव्हा तू पंधरा दिवसांत परत आली होतीस."