तिसऱ्या पाळीचा भोंगा

तो भोंगा मला अजून आठवतो. आधी खालून घुमत यायचा, मग चढायचा, आणि एकदा चढला की उतरायचं नावच घ्यायचा नाही. एकाहत्तरची लढाई चाललेली. पिंपरीतल्या आमच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद लावलेले. मी कंपनीत नवा. झोपेत भोंगा ऐकला, तिसऱ्या पाळीला उशीर झाला असं समजलो आणि डबा घेऊन पळत सुटलो. (विमानापेक्षा सुपरवायझरची भीती जास्त.)

रस्त्यावर आलो आणि पाय थांबलेच. एवढी मोठी पिंपरी, आणि कुठं ठिणगी नाही. वर चांदण्या मात्र अशा, की कुणी धान्याचं पोतं फोडलं असावं. तसं आभाळ मी गावाकडंही पाहिलं नव्हतं.

परत येऊन बायकोला, गोजाबाईला, भोंगा पाळीचा वाटला हे खरं ते सांगितलं. तिला वाटलं, बढाई नको म्हणून माणूस असं सांगतोय. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, "बॉम्बचं भ्या असताना आमचं मालक एकटं ड्यूटीवर गेलं." मी नंतरही खरं सांगून पाहिलं. ती सुनेला म्हणाली, "बघ, केवढा साधेपणा!"

परवा आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत ब्लॅकआउटची तालीम ठरली. शेजारची वर्षाली म्हणाली, "आजोबा, लोक घाबरलेत. आमच्या आजोबांची गमतीची कार्डं बोर्डावर लावू का?"

तिचे आजोबा म्हणजे कोंडाजी, आमच्या चाळीतला पेंटर. लढाईच्या दिवसांत तो पोस्टकार्डांवर ब्लॅकआउटची चित्रं काढून पाव्हण्यांना धाडायचा; वर्षालीनं ती परत जमवलेली.

"लाव की, पोरी," मी म्हटलं.

संध्याकाळी बघायला गेलो आणि बघतच राहिलो. काय हात होता माणसाचा! अंधारात बैलाची धार काढायला बसलेला गडी. शिपायाची लोखंडी टोपी म्हणून डोक्यावर पातेलं घातलेली म्हातारी, कपाळावरून आमटी गळतेय. चार रेघांत जिवंत माणसं! शेवटच्या कार्डावर सगळी चाळ खाटांखाली, आणि एकच बावळट डबा घेऊन पळतोय. सदरा उलटा.

तो मीच. ड्यूटीची गोष्ट सांगताना गोजाबाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघते, ती नजरच गेली तर माझ्यापाशी उरतं काय?

तेवढ्यात ती बायकांना घेऊन आलीच. मी कार्डाला पाठ लावून उभा राहिलो.

"अवं, सरका की."

"इथं वारं बरं लागतंय."

"जिन्याखाली कसलं वारं, भाऊ?" त्यातल्या कुसुमताई म्हणाल्या.

गोजाबाईनं मला बाजूला केलं. कार्ड बघून खळखळून हसली.

"ह्यो कोण गं येडा? समदे खाटंखाली, आन ह्यो निघालाय डबा घिऊन! न्हाईतर आमचं मालक..."

तिनं ओळखलं नव्हतं.

"आज्जी, खाली बारीक लिहिलंय की," वर्षाली म्हणाली आणि मोठ्यानं वाचू लागली, "धोक्याचा भोंगा झाला, मारुतराव पाळीला निघाले!"

कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला.

"गोजा," मी म्हटलं, "मी तवाच सांगितलं हुतं तुला."

ती चित्राच्या अगदी जवळ गेली. त्या पळणाऱ्या पोराच्या विस्कटलेल्या केसांवरून तिनं बोट फिरवलं. मग टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली, कार्ड पदराखाली घेतलं आणि लिफ्टकडं चालू लागली.

चित्रातला मारुतराव घरी गेला. मी टाचणी धरून तिथंच.