मामांसाठी मऊ भात

रजेच्या अर्जावर 'कारण' असा एक चौकोन असतो. सोमवारी सकाळी निशिवाकींनी त्या चौकोनाकडे पाव तास बघितलं आणि मग आपल्या सासऱ्यांना मारून टाकलं.

पण घाईगडबडीत नव्हे. निशिवाकी तोयोहाशीतल्या नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कंपनीत उत्पादनाचं वेळापत्रक आखायचे, आणि माणूस असा, की खोटंसुद्धा नीट आखून बोलणार. आपण नागोयाच्या शाखेतून इथे आलो चार वर्षांपूर्वी, म्हणजे सासरे त्याच्या आधी वारलेले बरे. मग इथलं कुणी 'तेव्हा कसं कळवलं नाहीत' असं विचारणार नाही. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले असं धरलं की रीतीप्रमाणे यंदा सातव्या वर्षाचं श्राद्ध येतं. ते लांबच्या गावी, म्हणून गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस. खुद्द सासरे, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांचे ओगुरा यासुहारु, ज्यांना ते मामा म्हणत, त्या वेळी निशिवाकींच्याच घराच्या गॅलरीत रेडिओच्या तालावर हातपाय हलवत होते.

खरं कारण होतं होशिनोहामा पार्क, पाळण्यांची आणि खेळांची मोठी बाग. पण त्या खात्यात मौजेसाठी रजा कुणी घेतली नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही. फक्त कुणी घेतली नव्हती, आणि तेवढं पुरेसं होतं. सहल याआधी दोनदा रद्द झाली होती. एकदा माल वेळेवर निघेना म्हणून, एकदा वर्षअखेरची मोजदाद आली म्हणून. दुसऱ्या वेळी दहा वर्षांची मिओरि रडली नाही. तिनं फक्त शांतपणे सांगितलं, "पुढच्या वर्षी मी मोठी होईन बाबा. मग मला तुमच्याबरोबर फिरायची लाज वाटेल." निशिवाकींच्या ते जिव्हारी लागलं होतं.

म्हणून या खेपेला त्यांनी कंबर कसली. जेवणाची जागा महिनाभर आधी सकाळी दहाला फोनवर मिळते, तेव्हा ते दहाला दोन मिनिटं कमी असताना ऑफिसच्या संडासात जाऊन बसले आणि साडेबाराचं टेबल पटकावूनच बाहेर आले. संध्याकाळच्या पाण्यावरच्या रोषणाईसाठी सोडत असते. तिच्यात त्यांना कधी नव्हे ते चार जागा लागल्या, त्याही फक्त गुरुवारच्या. आता तारीख हलवायची सोय नव्हती. मग त्यांनी पूर्ण दिवसाचा एक कागद केला. वर ठळक अक्षरांत 'निशिवाकी कुटुंब, होशिनोहामा सहल'. खाली: सात पन्नासला फाटकापुढे रांग. नऊ वाजून पाच मिनिटांनी आत शिरताक्षणी फोनवर पाळण्यांच्या वेळा घेणे. साडेबाराला जेवण (मामांसाठी मऊ भात). दोन पन्नासला कड्यावरून कोसळणारी आगगाडी (मामा हट्ट करतील, करू द्यावा). चार वाजता मामांची बाकावर डुलकी, पंचवीस मिनिटं.

अर्ज घेऊन ते खातेप्रमुख काजितानींपुढे उभे राहिले. काजितानींनी कारण वाचलं, पेन खाली ठेवलं आणि मान लववली. फार बोलणारा माणूस नव्हे तो. "वडिलांसारखेच असणार तुम्हाला," एवढंच म्हणाले. निशिवाकींना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. पण सही झाली होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशी कुणी नाही असं बघून त्यांनी त्या कागदाच्या घरच्यांसाठी चार झेरॉक्स काढल्या, घडी घालून खिशात ठेवल्या आणि छाती भरून श्वास घेतला. मूळ कागद मशीनच्या झाकणाखालीच राहिला.

तिथून तो कुठे गेला हे कळायला बुधवार उजाडला. त्याआधी मंगळवारची संध्याकाळ यायची होती. ते घरी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलावर उंची उदबत्त्यांचा एक खोका होता, जांभळ्या कागदात बांधलेला, आणि सोबत काजितानींच्या सुंदर हस्ताक्षरातलं पत्र: स्वर्गीय सासरेबुवांच्या तसबिरीपुढे माझ्या वतीनं लावाव्यात. पार्सल स्वर्गीय सासरेबुवांनीच सही करून घेतलं होतं. पत्रही त्यांनीच फोडलं होतं.

बायको, सानाए, जांभळ्या कागदाची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. मग म्हणाली, "माझ्या बाबांना मारलंत ते मारलंत. निदान मला तरी सांगायचं होतं. मला काही ठाऊकच नाही; दार मी उघडलं असतं तर हसतमुखानं उघडलं असतं."

निशिवाकींनी जमिनीला कपाळ टेकवलं आणि सासऱ्यांची माफी मागितली. सासरे उदबत्तीचा वास घेत होते. "चांगल्यातल्या आहेत," ते म्हणाले. "माणूस भला दिसतो तुमचा साहेब. याची परतफेड करायला हवी. घरातून कुणीतरी जाऊन आभार मानायला हवेत."

"मामा, तुम्ही काही करू नका. मी बघतो."

"तुम्ही बघितलंत त्याचंच हे झालं, जावईबापू."

बुधवारी सकाळी निशिवाकी रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आले. अकराच्या सुमारास त्यांना मूळ कागद आठवला. ते मशीनकडे धावले. झाकणाखाली काही नव्हतं. शेजारी बसणाऱ्या ओनोदेराबाईंना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर त्या म्हणाल्या, की काल दुपारी मशीनवर जे काही होतं ते त्यांनी आगीपासून बचावाच्या सूचनांबरोबर, वर शिक्क्यांच्या चार चौकोनांचा ठसा मारून, फिरत्या फायलीत लावून टाकलं.

फिरती फाइल म्हणजे त्या खात्यातला अत्यंत पवित्र प्रकार. ती टेबलाटेबलावरून जाते, प्रत्येकानं वाचून आपला शिक्का मारायचा आणि पुढच्याकडे द्यायची. गेल्या वीस वर्षांत ती जवळजवळ कुणीच वाचलेली नव्हती. ओनोदेराबाईंचा शिक्का पहिला, मग शिबुयांचा, आणि तिसरा शिक्का कुणाचा हे निशिवाकींना आता आठवलं. मंगळवारी चार वाजता फाइल त्यांच्याच टेबलावर आली होती. त्यांनीही न वाचता तिसऱ्या चौकोनात शिक्का ठोकून ती पुढे ढकलली होती. आपल्याच सासऱ्यांच्या मऊ भातावर, आपल्याच हातानं.

चौथा आणि शेवटचा चौकोन काजितानींचा. आणि फिरती फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा कंपनीतला एकच माणूस म्हणजे काजितानी.

दुपारभर निशिवाकींना कुणी बोलावलं नाही. काचेपलीकडे काजितानी फाइल उघडून बसलेले दिसत होते. एक पान त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. निशिवाकींनी राजीनाम्याचा मजकूर मनात तयार केला, मग खोडला, कारण त्यातही 'कारण' द्यावं लागणार होतं. लाजेनं त्यांचे कान इतके तापले होते की ओनोदेराबाईंनी, ताप आहे का, असं विचारलं. सहल गेल्यातच जमा होती. पण मिओरिपेक्षाही त्यांना आत्ता काजितानींनी लववलेली ती मान आठवत होती. त्या माणसानं खरंच दुःख केलं होतं.

तीन वाजता खालून फोन आला, की निशिवाकींच्या घरचे एक वृद्ध गृहस्थ आभार मानायला आले आहेत.

काळा सूट, काळा टाय, हातात चेस्टनटच्या मिठाईचा डबा, आणि चेहऱ्यावर असं गांभीर्य की दारातले दोघे आपोआप बाजूला झाले. निशिवाकी जिन्यात गाठायला धावले, पण सासरे थेट काचेच्या खोलीत पोचले होते. काजितानी उठून उभे राहिले.

"मी मृताचा धाकटा भाऊ," सासरे म्हणाले आणि कमरेत वाकले. "दादाच्या वतीनं आभार मानायला आलो."

निशिवाकी दारात थिजले. काजितानींपुढे टेबलावर तो कागद उघडा पडला होता. त्यांनी कागदाकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि मग तितकंच खोल वाकून त्यांना बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. निशिवाकींना उभंच राहावं लागलं, कारण त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही.

"कसे होते हो तुमचे दादा?" काजितानींनी विचारलं.

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. या प्रश्नाची त्यांनी तयारी केलेली नव्हती. "हट्टी," ते म्हणाले. "जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्याशी तासभर बोलला नाही. नळाच्या तोट्या बनवणाऱ्याच्या घरी पोरीला काय सुख लागणार, म्हणाला. मग बायको गेली, आणि त्याच जावयानं त्याला आपल्याकडे आणलं. खोलीत ऊन कुठून येतं ते बघून त्याचं अंथरूण घातलं." ते जरा थांबले. "जावयाला दादा कधी बरं बोलला नाही. बोलायला हवं होतं. जावई चांगला आहे. फक्त आपल्या पोरीला घेऊन एक दिवस फिरायला जातो म्हणायची त्याला भीती वाटते. ते काही चोरी करणं नाही, एवढं त्याला कुणी सांगितलं नाही बहुतेक."

निशिवाकींना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी मान इतकी खाली घातली की हनुवटी टायला टेकली.

काजितानींनी तो कागद पुढे ओढला, खिशातून शिक्का काढला आणि चौथ्या चौकोनात सरळ, नीट दाबून उमटवला. मग कागद फायलीतून काढून घडी घातला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"तुमच्या दादांना माझा एक निरोप द्याल?" ते हळूच म्हणाले. "त्या दोन पन्नासच्या आगगाडीत पुढच्या डब्यात बसू नका म्हणावं. गेल्या वसंतात मी बसलो होतो. आठवडाभर कंबर धरली होती." आणि मग निशिवाकींकडे न बघता त्यांनी जोडलं, "इथे मी डोळे तपासायला गेलोय असं सांगितलं होतं."

सासरे उठले, कमरेत वाकले आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवला.

"निरोप देतो," ते म्हणाले. "पण काही उपयोग नाही. जिवंतपणीही त्यानं कुणाचं ऐकलं नव्हतं."