चुटक्या जन्मला त्या दिवशीच्या गारा

एका जंगलात (बाळांनो, मला तरी ते जंगलच आठवतं, माळरानही असू शकेल) अंतोबा नावाचे म्हातारे साळिंदर राहत होते. ते चुटक्या सशाच्या गोष्टी सांगत. असा ससा कुठेच नव्हता. अंतोबांनीच तो रचला होता.

शेवटच्या गोष्टीत चुटक्या विहिरीत पडला आणि नेमके अंतोबा आजारी पडले. उठले तेव्हा डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. चुटक्या वर कसा येतो, एवढं अजून आठवत होतं. तेही जाण्याआधी कुणाला तरी सांगून टाकावं, म्हणून ते लगबगीनं वडाखाली गेले.

वडाखाली 'चुटक्या जन्मशोध मंडळा'ची सभा भरली होती.

"गोष्टीत म्हटलंय, जन्माच्या दिवशी गारा पडल्या," अध्यक्षा बकुळाबाई कोल्हीण म्हणाल्या. "म्हणजे वैशाख."

"आणि दारात पिकल्या बोरांचा सडा होता, त्याचं काय?" धोंडबा रानडुक्कर गुरगुरला. "वैशाखात बोरं तुमच्या माहेरी पिकतात वाटतं?"

अंतोबा खाकरले. "अहो, गारा मी घातल्या. त्याच्या आईच्या डोक्याला टेंगूळ आलं की पोरं हसायची. बोरं मला आवडतात, म्हणून घातली."

"आजोबा, तुमचं वय झालंय," बकुळाबाई मायेनं म्हणाल्या. "त्या दिवसाचं हवामान तुम्हाला कसं आठवणार?"

"तो दिवस उजाडलाच नव्हता, बाई!"

"बघा! दिवससुद्धा विसरले."

"बरं, विसरलो. पण पोर विहिरीत आहे. ते वर कसं येतं, तेवढं ऐका."

"आधी जन्म, मग विहीर," धोंडबा म्हणाला. "जन्मल्याशिवाय पडेल कसा?"

अंतोबा फार शिकलेले होते. समोरच्याचं म्हणणं त्यांना नेहमीच पटायचं. ते कोपऱ्यात बसून शेवट मनाशी घोळवत राहिले.

वाद विकोपाला गेला. अखेर तोड निघाली: जयंती दोनदा करायची. पौषात बोरवाल्यांनी पाळणा बांधला, सुंठवडा वाटला. पोपटांनी कर्णे लावून पाळणा गायला. त्या गदारोळात अंतोबांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यात सुंठवडा पडला.

वैशाखात गारावाल्यांचा पाळणा झाला. बकुळाबाईंनी अंतोबांना शाल पांघरली. ती काट्यांत अडकली ती अडकलीच.

"आता सांगा, आजोबा. कसा येतो तो वर?"

सगळ्यांनी कान टवकारले.

"चुटक्या विहिरीत पडला," अंतोबा म्हणाले. मग पुढचं तिथं सापडतंय का, म्हणून त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. "आणि... त्या दिवशी हवा कशी होती हो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता कसं मुद्द्यावर आलात!" धोंडबा म्हणाला.

तात्पर्य: गोष्ट रचणाऱ्याला तिच्यातलं फारसं कळत नाही, पण धीर धरला, तर तोही श्रोत्यांइतका शहाणा होतो. पुढे कित्येक वर्षांनी मी याची खात्री करून घेतली. त्या जंगलात आता तीन सुट्ट्या आहेत. तिसरी अंतोबांच्या जयंतीची. ते दाट धुक्यात जन्मले, यावर मंडळाचं एकमत आहे.