मांग सांतोच्या गोळ्या

औषधाच्या दुकानात मांग सांतोच्या पुढे चार माणसं होती आणि मागे तीन. (इकडे मानाने बाप्याला मांग म्हणतात आणि बाईला आलिंग.) नंबर आला तेव्हा त्याने डॉक्टरणीची चिठ्ठी काउंटरवर उपडी ठेवली. मालकीण आलिंग पुरिंगने ती उलटली आणि तिच्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली. गर्भनिरोधक गोळ्या, तीन पाकिटं. चिठ्ठीवर नाव कुणाचंच नव्हतं. सांतोची बायको हर्मिनिया दोन वर्षं हाँगकाँगला परक्या घरी धुणीभांडी करत होती, हे मागच्या तिघांनाही ठाऊक होतं.

“कुणासाठी रे, सांतो?”

“घरासाठी,” तो म्हणाला.

घरासाठी माणूस मीठ घेतो, काड्यापेटी घेतो. आलिंग पुरिंगने पाकिटं दिली. तो बाहेर पडला आणि रांगेतले तीन जण काही न घेताच त्याच्यामागून बाहेर पडले.

खरं उत्तर एका शब्दाचं होतं, पण ते न देण्याचं वचन त्याने पोरीला दिलं होतं.

पोरगी म्हणजे लिगाया, वय सोळा, गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन, ते लांब पितळी वाद्य, वाजवते. पहिली पाळी आली की मुलीने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उडी मारायची, म्हणजे पाळी तीन दिवसांत आटोपते, असं इकडे मानतात. लिगाया तेव्हा बारा वर्षांची आणि अंगात मस्ती. ती सातवीवरून उडाली. तिची पाळी सात दिवस चालते याचं तिची लोला, म्हणजे आईची आई, तिनाय हिच्या लेखी एवढंच कारण आहे. त्या सातांतले पहिले दोन पोरगी पोटाशी गुडघे घेऊन चटईवर पडलेली असते. गेल्या वर्षी फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुकीत, पांढऱ्या गणवेशात, ती उभ्या उभ्या कोसळली ती मोठ्या ढोलावर. ढोल फुटला. गावाने महिनाभर ढोलाची चौकशी केली. पोरीची कुणी केली नाही.

यंदा फिएस्टाला शहरातल्या कॉलेजचे लोक बँड ऐकायला येणार होते. त्यांच्या बँडमध्ये जो घेतला जाईल त्याचं शिक्षण फुकट. लिगायाने कॅलेंडरवर बोटं मोजली. मिरवणूक बरोबर तिच्या दुसऱ्या दिवशी पडत होती.

चर्चच्या मागे सराव चाले, तिथे मायलीन आणि रोवेना या दोन मैत्रिणींबरोबर तिने या गोळ्यांचा पंधरा दिवस खल केला. पाळी तीन महिन्यांतून एकदाच येते म्हणतात, ते खरं का? मग उरलेलं रक्त जातं कुठे? डोक्यात चढलं तर? मिशा फुटतात का? शेवटी असं ठरलं की लिगायाने घ्यावी आणि काय काय होतं ते बाकीच्या दोघींनी बघावं. तिघी मिळून आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, लिगायाचा रक्तदाब मोजला, डोकं दुखतं का, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्यात का, सगळं विचारलं आणि आईबापांपैकी एकाला घेऊन ये म्हणाली. आई हाँगकाँगला. उरला बाप.

सांतो तीनचाकी चालवतो, मोटरसायकलला बाजूने डबा जोडलेली. लिगायाने बाजूच्या डब्यात बसून, पुढे बघत, सगळं सांगितलं. त्यानेही पुढेच बघत ऐकलं. नंतर केंद्राशी गाडी थांबवून सही करून आला. पोरीने डॉक्टरणीला गळ घालून चिठ्ठीवर नाव लिहू दिलं नाही आणि बापाला वचनात बांधलं. कुणाला सांगायचं नाही, लोलाला तर नाहीच, ती गोळ्या विहिरीत टाकेल.

आता गंमत बघा. दुपारपर्यंत गावभर झालं की सांतोने बाई ठेवली. तीनचाकीच्या स्टँडवर त्याच्या पाठीवर थापा पडल्या. स्टँडचा म्होरक्या मांग गोरियो त्याला एरवी भाड्याच्या रांगेत शेवटून दुसरा लावायचा. त्या दिवशी त्याने त्याला पहिलं भाडं दिलं. दोन वर्षं घरी बायकोविना राहिला, कपडे धुतले, म्हातारीला सांभाळलं, तेव्हा या लोकांनी त्याला विडीसुद्धा विचारली नव्हती.

बाई कोण, यावर स्टँडवर दोन दिवस चर्चा झाली आणि सुकी मासळी विकणारी विधवा आलिंग बेलेन निवडून आली, कारण तिची टोपली सांतोच्या गाडीत जाते. सांतो तिची माफी मागायला गेला. ती म्हणाली, राहू दे रे, आठ वर्षांत माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती लिपस्टिक लावून बाजारात आली आणि गावाला मिळायचा तो पुरावा मिळाला. पाद्रीबाबांनी त्याला बोलावून संयमावर तासभर ऐकवलं. सासू लोला तिनायने त्याच्या ताटात भाताची खरवड आणि माशाचं शेपूट वाढायला सुरुवात केली. तो खात राहिला.

रविवारी हर्मिनियाला सुट्टी असते. दुपारी तिचा फोन आला. लोलाने तो ताटासमोर व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवला, म्हणजे जावयाचं तोंड नीट दिसेल. आलिंग पुरिंगही सहज म्हणून येऊन बसली होती. हर्मिनियाला पाच जणींनी कळवलं होतं. ती म्हणाली, मी इथे दुसऱ्यांच्या पोरांचे ढुंगण धुते आणि तू तिकडे मासळीवालीला फिरवतोस. आणखीही बरंच म्हणाली. सांतो ताटातल्या शेपटाकडे बघत होता. लिगाया त्याच्याकडे बघत होती. तिने चमचा खाली ठेवला.

“गोळ्या माझ्या आहेत.”

लोला म्हणाली, “पोरगा कोण?”

“पोरगा नाही, लोला. ट्रॉम्बोन आहे.”

मग तिने सगळं सांगितलं, ढोलापासून डॉक्टरणीपर्यंत. पुरिंग खुर्ची ओढून जवळ आली.

“मला एक सांग, रक्त मग राहतं कुठे?”

“राहतच नाही. आत अस्तर जाड होतं ते गळतं, तीच पाळी. गोळीने ते जाड होतच नाही. सुरुवातीला मधेच डाग पडतील, डॉक्टरीण म्हणाली. गोळी सोडली की पाळी परत येते.”

“वीस वर्षं विकतेय मी ह्या,” पुरिंग म्हणाली.

“विकतेस आणि बोंबलतेस,” लोला म्हणाली. “वाचलं कधी नाहीस.” मग तिने नातीपुढे हात पसरला. “आण ती पाकिटं. नऊ बाळंतपणं काढली मी, पोट दुखलं म्हणून काही मेले नाही. माझ्या घरात हे चालणार नाही.”

लिगाया उठली नाही. सांतो हात धुवायला लागला, म्हणजे तो काहीतरी बोलणार होता. पण आधी फोन बोलला.

“आई, तिला घेऊ दे.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मीपण घेते. दोन वर्षं झाली.” हर्मिनियाचा आवाज खाली आला होता. “मला कसं व्हायचं ते आठवतंय ना? तशी इथे दोन दिवस पडून राहिले तर तिसऱ्या दिवशी विमानात बसवतील. पोरीलाही माझंच दुखणं लागलंय. मीच तिला सांगायला हवं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस, आई?” लिगायाने विचारलं.

“तुझ्या बापाला काय वाटेल म्हणून.”

सगळ्यांनी सांतोकडे पाहिलं. एकटी बायको, परका मुलूख, दोन वर्षं. संशयाला एवढं सामान पुष्कळ झालं. गावाला तर याहून कमी पुरलं होतं. सांतोने हात पुसले.

“घ्यायला विसरत नाहीस ना?”

“गजर लावलाय. सकाळी सहाचा.”

“हिलापण सहाचाच लावतो मग.”

लोलाने पसरलेला हात मागे घेतला आणि त्याच हाताने माशाचा मधला तुकडा जावयाच्या ताटात टाकला. माफी ती एवढीच मागते.

पुरिंग घरी गेली म्हणजे गोष्ट गावात गेली. सोमवारी सकाळी हर्मिनियाचं हाँगकाँगात कुणीतरी असल्याचं पक्कं झालं होतं. स्टँडवर या वेळी थापा नव्हत्या, शिव्या होत्या, आणि त्या तिच्या नावाने. पुरुषाची भानगड असली तर मर्दुमकी आणि बाईची असली तर छिनालकी, हे गणित या लोकांना शाळेत न जाता येतं. सांतोने गाडी आडवी लावली आणि स्टँडच्या मधोमध उभा राहिला.

“माझी बायको आणि माझी पोरगी पाळीच्या दुखण्यावर गोळ्या घेतात. ज्याला शंका असेल त्याने डॉक्टरणीकडे जावं. ती सगळ्यांना उत्तर देते, मूर्खांनाही.”

गोरियोने त्याला पुन्हा शेवटून दुसरा लावला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तो स्वतःच येऊन सांतोच्या गाडीत बसला.

“ती डॉक्टरीण कधी बसते?”

“मंगळवारी. नऊला.”

“माझ्या धाकटीला उलट्या होतात त्या दिवसांत. आई नाही तिला. तिची ती गेली तर चालेल?”

“बापाला जावं लागतं. सही असते.”

“आणि गोळ्या? त्यापण बापानेच आणायच्या? पुरिंगकडून?”

“हो.”

गोरियोने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

“सांतो,” तो म्हणाला, “रांगेत माझ्याबरोबर उभा राहशील का?”