जत पाच मिनिटांवर

श्रीकांत मगदूम यांच्या गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या यंत्राने खोटं बोलायचं सोडलं, आणि ते सोडल्यावर बोलायला काही उरलं नाही म्हणून ते बंद पडलं. वॉरंटी अजून बाकी होती. मगदुमांनी ते पिशवीत घालून सांगलीच्या दुरुस्ती केंद्रात आणलं.

मगदूम पशुखाद्य विकत गावोगाव फिरतात आणि जतला राहतात. घरून फोन आला की ‘कुठे आहात?’ या प्रश्नाला उत्तर देणं त्यांच्या जिवावर यायचं. मग त्यांनी मिरजेच्या एका रेडिओवाल्याकडून यंत्र उघडून हवा तो बदल करून घेतला. तेव्हापासून फोन यंत्रच उचलायचं आणि म्हणायचं, “साहेब पाच मिनिटांत पोचतायत, वहिनी.” गाडी कुठे का असेना. मागच्या आठवड्यात शैलजावहिनी भाचीच्या साखरपुड्याला जायचं म्हणून साडी नेसून दारात उभ्या होत्या आणि गाडी कवठेमहांकाळला भज्यांच्या गाड्यासमोर. यंत्राने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि मान टाकली.

केंद्रात बाकावर एक किराणा दुकानदार आपल्या वजनकाट्यासोबत बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली होती. मगदुमांनी सभ्यपणे मध्ये जागा सोडली.

टेबलामागे आरवाडेबाई होत्या. बाई कडक, पण चहा विचारणाऱ्या.

“तुमचा आणि यंत्राचा जबाब वेगवेगळा घेतला जाईल,” त्या म्हणाल्या. “यंत्र उघडलं असेल तर वॉरंटी संपली. दोघांच्या बोलण्यात फरक पडला तर आम्ही गिऱ्हाइकाचं खरं धरतो. यंत्र खोटं ठरलं की त्याचा आवाज पुसून नवा घालतो. निकाल कारणासकट घरी फोन करून कळवतो.”

“घरी कशाला?”

“गाडी घरचीच ना?”

शिपाई यंत्राला आतल्या खोलीत घेऊन गेला. मगदूम मनात हिशोब करू लागले. उघडलं म्हणावं, तर शैलजाला इतक्या दिवसांचं सगळं कळणार. नाही म्हणावं, तर यंत्र आत खरं तेच सांगत असणार, त्यासाठीच तर ते बंद पडलं होतं. मग आवाज पुसला जाणार त्याचा. घाटात, धुक्यात, रिकाम्या रस्त्यावर तो एकच आवाज त्यांच्याशी बोलायचा. त्यांना यंत्राची मनापासून दया आली, आणि स्वतःची त्याहून थोडी जास्त.

“उघडलं होतं,” ते म्हणाले. “मीच उघडायला लावलं. खोटं बोलण्यासाठी. आता ते खोटं बोलायचं नाही म्हणून बंद पडलंय.”

आरवाडेबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात शिपाई यंत्र घेऊन बाहेर आला.

“हे म्हणतंय, मला कुणी हातसुद्धा लावला नाही.”

मगदुमांनी डोक्याला हात लावला.

“अरे,” आरवाडेबाई यंत्राला म्हणाल्या, “तू तर खोटं बोलायचं नाही म्हणून बंद पडलास ना?”

“रोज रोज जमत नाही, बाई,” यंत्र म्हणालं. “एखाद्या वेळी बोलतो माणूस.”

“फरक पडला. यंत्र खोटं ठरलं,” बाई म्हणाल्या. “आवाज पुसावा लागेल.”

“पण ते माझ्यासाठी खोटं बोललं!”

“कुणासाठी बोललं, हे नियमात नाही.” बाईंनी कागद खाली ठेवले. “मात्र आवाज पुसणं ही वॉरंटीतली सेवा आहे, आणि तुमचं खरं धरल्यामुळे तुमची वॉरंटी संपली. आम्हाला आता पुसता येणार नाही. पैसे भरून पुसून घ्यायचा आहे का?”

“नको,” मगदूम इतक्या जोरात म्हणाले की वजनकाट्याचा काटा हलला.

“मग असंच घेऊन जा. आता घरी फोन.”

बाईंनी फोन लावला आणि निकाल वाचायला सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, “ते निकालाचं राहू द्या हो. ते निघालेत का तेवढं सांगा.”

बाईंनी फोन मगदुमांच्या हातात दिला. मगदूम म्हणाले, “मी अजून सांगलीतच आहे. दोन तास लागतील.”

“कोण बोलतंय?”

“मी.”

“मी कोण?”

“अगं, मी श्रीकांत.”

“हे बघा, चेष्टा करू नका. यंत्राकडे द्या फोन.”

मगदुमांनी फोन यंत्रासमोर धरला. यंत्राने एकदा आरवाडेबाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“साहेब पाच मिनिटांत पोचतायत, वहिनी.”

“बरं,” शैलजावहिनी म्हणाल्या. “म्हणजे दोन तास. मग कुकर सावकाशच लावते.”