चालायला येताना गाडी आणा

ओहायोतल्या टेल्फर्ड शहराच्या नकाशावर व्हर्ना स्टुबल यांचं घर बसथांब्याला लागूनच होतं. प्रत्यक्षात मधे एक चर होता, गुडघाभर गवत होतं आणि फुटपाथ नव्हता. व्हर्नाबाई रोज वॉकर टेकत, चर ओलांडून, भरधाव गाड्यांच्या कडेकडेनं थांबा गाठत. दुपारची बस त्यांना वृद्धाश्रमात नेई. तिथे त्यांचा नवरा लीलंड जेवायचा खोळंबलेला असे. त्याला आता फारसं काही आठवत नव्हतं, पण घास भरवणारा हात बरोबर ओळखता येई. दुसऱ्या कुणाचा असला की तो तोंड मिटून घेई.

अशात केंद्र सरकारनं शहराला ‘सर्वांसाठी चालणं’ या योजनेखाली भरघोस निधी दिला. नागरिकांच्या सूचना ऐकायला शहराबाहेरच्या सभागृहात सभा ठेवली. तिकडे बस जात नव्हती. आमंत्रणावर ‘पार्किंगची उत्तम सोय’ असं ठळक छापलं होतं. व्हर्नाबाई शेजारणीच्या गाडीतून गेल्या.

चालणे व समता विभागाचे प्रमुख ब्राइस हॅलनबेक डोक्यावर हेल्मेट घालूनच व्यासपीठावर बसले होते. सायकल बाहेर त्यांच्या गाडीच्या टपावर होती.

“मला दारापासून थांब्यापर्यंत फुटपाथ द्या. दुसरं काही नको,” व्हर्नाबाई म्हणाल्या.

“आजी, तुम्ही चालता?” ब्राइससाहेबांनी कौतुकानं विचारलं.

“नाही, उडत जाते!”

“तसं नव्हे हो. चालण्यासाठी चालता, की कुठे पोचायला?”

“नवऱ्याला जेवू घालायला जाते मी.”

“मग ते चालणं धरता येणार नाही. तो प्रवास झाला. बस खात्याला विचारा.”

बस खात्यानं कळवलं की थांब्यावर पोचलेला माणूस आमचा. तोवर तो पादचारी, आणि पादचारी चालणे विभागाकडे. त्यामुळे चरात उभ्या असलेल्या व्हर्नाबाई कुणाच्याच नव्हत्या.

तरी विभाग निष्ठुर नव्हता. समतेचा प्रश्न असल्यानं अधिकारी जातीनं पाहणीला आले. प्रत्येकजण आपापल्या गाडीनं आला आणि एकालाही गाडी लावायला जागा मिळेना. बराच वेळ घिरट्या घालून ते परतले. या भागात लोक चालत नाहीत याचं मूळ पार्किंगच्या अभावात आहे, यावर त्यांचं एकमत झालं.

वसंतात थांब्यामागच्या तळ्याभोवती सुरेख मार्ग झाला. बाकं आली, सायकलींत हवा भरायचा पंप आला, चाकाच्या खुर्च्यांसाठी उतारही आला. तो पार्किंगमधून सुरू होत होता. पार्किंगसाठी गवत काढलं, चर बुजवला आणि बसथांबा महामार्गाच्या पुलापलीकडे हलवला, कारण बस उभी राहिली की चालायला येणाऱ्यांच्या गाड्यांना वळता येत नव्हतं. पुलापलीकडे दुसरा चर होता, पहिल्याहून खोल.

प्रवेशाशी मोठा फलक लागला. त्यावर वॉकर टेकून हसणाऱ्या व्हर्नाबाई होत्या. खरं तर चर चढताना त्यांनी दात आवळले होते, पण पाहणीला आलेल्यांनी गाडीतूनच काढलेल्या फोटोत ते हसू दिसत होतं. खाली लिहिलं होतं: ‘चला, सगळे चालूया!’

उद्घाटनाच्या दिवशी त्या लवकर निघूनही पुलापर्यंतच पोचल्या होत्या. एक गाडी थांबली. काच खाली करून ब्राइससाहेबांनी मान बाहेर काढली.

“आजी! येताय ना? तुम्ही तर आमची प्रेरणा!”

“प्रेरणा राहू दे बाबा, माझी बस चुकतेय. लीलंड उपाशी बसेल. पलीकडे सोडतोस का तेवढं?”

“सोडलं असतं हो,” ब्राइससाहेब कळवळून म्हणाले, “पण तुमचं चालणं बंद पाडायचं पाप मी नाही करणार!”

बस निघून गेली. वृद्धाश्रमात लीलंडनं परिचारिकेच्या हातातला चमचा पाहून तोंड मिटून घेतलं आणि ताट तसंच परत गेलं.

पुलावर व्हर्नाबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. उद्घाटनाला निघालेल्या गाड्यांची रांग शेजारून सरकत होती. प्रत्येकजण फलकावरून त्यांना ओळखून हात हलवी आणि मनात म्हणे, ‘अरेरे, कुणीतरी हिला सोडायला हवं.’ मघापासून तुम्हीही तेच म्हणताय.