दंतवैद्याचे झूम लेन्सेवर स्वारी

लिहविता धनी कोणी नाही. हकीकत लिहावी ऐसी आज्ञा कोणी केली नाही, बक्षिसी कोणी देऊ केली नाही, उलट खासे घरातूनच 'जाऊ दे ना आता' म्हणोन दोन वेळां मनाई आली. तथापि लेन्सा विकल्या जातात आणि पुन्हा विकल्या जातात, आणि त्यांपायी झिजलेला पुरुष मात्र कागदावाचून विसरला जातो, हे मनास आणोन आम्ही आपणच आपणांस आज्ञा केली आणि आपणच ती शिरसावंद्य मानिली. घडले तेच लिहिले आहे. पदरचे घातले असेल ते शोभेपुरते.

तरी सकलकॅमेरामंडित, गतवर्षपराभवदग्ध, राजमान्य राजश्री बाबासरकार हे पेशाने विमा कचेरीत नुकसानभरपाईचे तपासनीस. धडकलेल्या गाड्यांची छायाचित्रे चहूंबाजूंनी मागवावी, आणि पोचा जुना की नवा याची बारकाईने रुजुवात करावी, आणि बहुतकरून जुना ठरवावा, ऐसा त्यांचा अंमल. वीस वर्षे हे केल्याने कोणतीही वस्तू समोर आली की आधी ओरखडा दिसे आणि मग वस्तू दिसे. त्यांचे पदरी एक कॅमेरा होता. त्याचा सेन्सर, म्हणजे आतील जो चौकोनी तुकडा चित्र टिपतो तो, मातबर कॅमेऱ्यांचे मानाने लहान. त्यास जाणते लोक क्रॉप सेन्सर म्हणतात, आणि म्हणताना सरकारांकडे पाहोन किंचित हळहळतात. कॅमेऱ्यासोबत जी आखूड लेन्स आली होती तिची धाव दिवाणखान्याचे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मोहिमेचे कारण ऐसे. सरकारांस एकच कन्या, वय वर्षे चौदा, शाळेत लांब उडी मारणारी. गतवर्षी क्रीडास्पर्धेचे दिवशी सरकार ती आखूड लेन्स घेऊन मैदानावर चालोन गेले, आणि प्रेक्षकांचे कठड्याआडून साठ चित्रे घेतली, आणि त्यांतील एक निवडोन मोठे करविले, आणि चौकट घालोन भिंतीवर चढविले. तीन दिवस आल्यागेल्याने वाहवा केली. चवथे दिवशी कन्या चौकटीजवळ गेली, नाक टेकवून पाहिले, आणि म्हणाली, "बाबा, ही मी नाहीये." गणवेश तोच, वेण्या त्याच, चेहरा मुगाएवढा, आणि मुलगी कोणा दुसऱ्याची! कन्या रडली नाही, रुसली नाही, "असू दे रे" म्हणोन अभ्यासास बसली, आणि हेच सरकारांचे जिव्हारी लागले.

या वर्षी तिची या शाळेत अखेरची स्पर्धा, पुढे शाळा बदलणार. आठ दिवस आधी तिने जेवताना विचारले, "शनिवारी येशील ना रे? शेवटची उडी आहे माझी इथली." सरकारांनी ताटावरून मान वर करोन जाहीर केले की यंदा लेन्स घेतल्यावाचून राहणे नाही. कन्येने बरे म्हटले आणि पाण्याचा पेला उचलला.

मग मसलत खासगीकडे गेली. बाईसाहेब औषधांचे दुकानी बसतात, दिवसभर डॉक्टरांचे अक्षर वाचतात, त्यामुळे सरकारांचे मनातले वाचणे त्यांस डाव्या हातचा मळ. त्यांनी तेथल्या तेथे फर्मान काढिले की नवी लेन्स येणे नाही, जुनी आणल्यास हरकत नाही, मात्र गेल्या साली आणलेल्या तीन कॅमेरापिशव्या, दोन तिवया आणि कशासाठी आणली हे अद्याप उघड न जाहलेली पांढरी छत्री, ही सर्व आधी माळ्यावर चढवावी. सरकारांनी छत्रीवाचून बाकी सर्व मान्य केले. छत्री पलंगाखाली दडविली.

दुसरे दिवशी कचेरीचे कँटिनात दरबार भरला. तेथील रोखपाल, ज्यांस सारी कचेरी सर्वज्ञ म्हणते, हे सरकारांचे लेन्सविषयक सल्लागार. सर्वज्ञांनी सहा वर्षांत एकही चित्र काढिले नव्हते, कारण मनासारखा उजेड पडत नव्हता, परंतु मत मात्र रोज काढीत. त्यांनी चहाचे पेल्याकडे पाहत निवाडा दिला की सत्तर ते तीनशे मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ ओढणारी, झूम घ्यावी, आणि लहान सेन्सरावर तिची धाव दीडपट होते, सबब तीनशेची साडेचारशे समजावी, म्हणजे मैदानाचे पल्याडची माशीही हाती लागेल. सरकारांस इतका हर्ष जाहला की त्यांनी सर्वज्ञांचे चहाचे पैसे भरिले. घरी येऊन हीच गोष्ट बाईसाहेबांचे कानी घातली, तो त्या म्हणाल्या, "दीडपट दिसतं ना? मग दीडपट सांडणार पण. पुसायला मी येणार नाही." यात सांडण्याचा संबंध काय हे सरकारांस शेवटपर्यंत कळले नाही, परंतु प्रतिपक्षाची तोफ कोठून डागली जाते हे आजवर कोणास कळले आहे?

मग सरकारांनी मोबाइलवर पंडितांची प्रवचने ऐकिली. एक पंडित विटांचे भिंतीची चित्रे घेऊन कोपऱ्यांतील विटा मधल्या विटांइतक्या रेखीव नाहीत म्हणोन कळवळला, आणि तेव्हापासून सरकारांनीही भिंतीवाचून दुसरे काही टिपणे सोडिले. समोरचे इमारतीचे भिंतीवर कॅमेरा रोखोन उभे राहिले असता तेथील लोकांस वाटले की विमेवाले पाहणीस आले. तीन कुटुंबे खाली उतरली आणि सरकारांस धरोन नेऊन आपापली गळती दाखविली. सरकारांनीही सवयीने ती जुनी ठरविली. त्या इमारतीतून आता कोणी त्यांस ओळख देत नाही.

यानंतर प्रत्यक्ष स्वाऱ्या सुरू जाहल्या. पहिली लेन्स एका पेटीवादकाची. जाहिरातीत 'एकदाच वापरली' ऐसे लिहिले होते, आणि हलविली तो आत खुळखुळ वाजली. बहुधा त्या एकदाच्या वेळी जिन्यावरून वापरली असावी. दुसरी एका वकिलांची. ती उत्तम होती, देखणी होती, आणि सरकारांचे कॅमेऱ्यावर बसत नव्हती. वकिलांनी अर्धी घटका युक्तिवाद केला की ती बसलीच पाहिजे. दोष कॅमेऱ्याकडे ठरवोन दोघे वेगळे जाहले. होता होता गुरुवार उजाडला आणि सरकारांचे तोंडचे पाणी पळाले.

इतक्यात खबर आली की बाजाराचे मागले गल्लीत एक दंतवैद्य आहेत, त्यांनी पक्षी टिपावे म्हणोन सत्तर-तीनशे घेतली होती, दोनदा पक्षी टिपण्यास गेले, दोन्ही वेळां पक्षी आले नाहीत, तेव्हा विकणे आहे. सरकारांनी कचेरीचे शिरस्त्याप्रमाणे तातडीने खलिता धाडिला की वस्तूची छायाचित्रे पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून यावी, आणि शेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवावे, म्हणजे तारीख शाबीत होईल. दंतवैद्यांचा जबाब आला, "अहो, लेन्स विकतोय. ओलीस नाही धरलंय कुणाला. येऊन बघून जा." सरकारांनी अर्धी रजा टाकिली आणि कूच केले.

दवाखान्यात खुर्चीवर एक रोगी आडवा होता, तोंड उघडे, हिरडीत नुकतीच भुलीची सुई दिलेली. ती भिनेतो दहा मिनिटे मोकळी आहेत ऐसे सांगोन दंतवैद्यांनी कपाटातून लेन्स काढिली. सरकारांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि प्रथम ओरखडे मोजिले, आणि मग कडी फिरवोन पाहिली, आणि मग कानाशी धरिली, आणि मग म्हणाले की आत बुरशी आहे किंवा कसे हे प्रकाशावाचून ठरणार नाही, सबब तो वरचा दिवा इकडे वळवावा. तो दिवा रोग्याचे तोंडावर होता. दंतवैद्यांचे मुद्रेवर राग आला, कारण आपले घरचे वस्तूस कीड लागली ऐसे दंतवैद्यास कोणी म्हणत नसते. तथापि लेन्सेचे गिऱ्हाईक तीन महिन्यांत हे पहिलेच, म्हणोन त्यांनी दिवा वळविला. सरकारांनी एक डोळा मिटोन लेन्सेचे घशात पाहिले. दंतवैद्यांनीही पाहिले. रोग्यानेही मान उचलोन पाहिले. बुरशी नव्हती, धुळीचे दोन कण होते, ते सरकारांनी टाचणवहीत टिपले.

मग लेन्स कॅमेऱ्यावर चढवोन सरकार बाहेरचे खोलीचे पार टोकास, चपलांचे मांडणीस पाठ लावोन उभे राहिले, आणि तेथून किडलेल्या दाढेचे तक्त्यावर नेम धरिला. तक्त्याचे बारीक अक्षर वाचता आले. पुन्हा टिपले. कोपरे तपासले. डावा कोपरा उजव्याहून किंचित मऊ वाटतो ऐसी शंका काढिली आणि अकरावे चित्र घेतले. दंतवैद्य म्हणाले की डावीकडे तक्ताच फाटला आहे. सरकारांनी जवळ जाऊन खात्री केली, आणि मग हमी मागितली. दंतवैद्यांनी सांगितले की हमी ते दातांचीही देत नाहीत. येथे बोलणी फिसकटणार, तो खुर्चीवरचा रोगी अर्धा उठला आणि जबडा सावरीत ओरडला, "घ्या की हो साहेब एकदाची! माझी भूल उतरायला लागलीय!" त्याचे डोळ्यांत पाणी पाहोन उभय पक्षांस लाज वाटली आणि तह जाहला. किंमत सरकारांचे मनातलीहून थोडी अधिक आणि दंतवैद्यांचे मनातलीहून थोडी उणी ठरली. त्यामुळे दोघेही आपण फसलो ऐसे मनात धरोन हसत हसत वेगळे जाहले.

शनिवारी बाईसाहेबांस दुकानी रजा मिळाली नाही. त्यांनी सरकारांस निक्षून सांगितले की तुम्ही तरी नीट तिच्यासोबत राहा. सरकार सकाळीच मैदानावर दाखल जाहले. लेन्स कॅमेऱ्यावर, कॅमेरा गळ्यात, छाती पुढे. तेथे पाहतात तो मामला उलटा! गतवर्षी कठडा होता, या वर्षी खेळाच्या बाईंनी उदार होऊन कर्णा घेऊन पुकारले की लांब उडीच्या मुलांचे आईबाप खाली वाळूच्या खड्ड्याशी, दोरीजवळ येऊन उभे राहू शकतात. आईबाप लोटले, मोबाइल निघाले. सरकारही गेले. दोरीपाशी उभे राहोन कॅमेरा डोळ्यांस लाविला, तो दोरीलगत पाठमोऱ्या उभ्या कन्येचे खांद्यावरील एक शिवण तेवढी दिसली. झूम मागे घेतली, तो कान दिसला. दीडपट धाव! हातभर अंतरावरचे माणूस सबंध मावेना.

शेजारचे गृहस्थांनी सुचविले की मोबाइलवर काढा की हो. सरकारांनी त्या गृहस्थांकडे ऐसे पाहिले की ते दोन पावले सरकले. आठ दिवस भिंती टिपल्या, दाढेचा तक्ता जिंकिला, तो काय मोबाइल काढण्यास? लेन्स लांबची आहे, तर आपण लांब गेले पाहिजे, हा विचार त्यांचे ठायी विजेसारखा चमकला, आणि दोष शोधण्यात ज्यांचा हात कोणी धरीत नाही त्यांस या विचारात एकही पोचा दिसला नाही. शहाणे माणूस! खेळाच्या बाई म्हणाल्या, "अहो, थांबा ना, तिचाच नंबर येतोय." परंतु सरकार निघाले, आणि मैदान ओलांडले, आणि मागले भिंतीस लागोन पाण्याची टाकी होती तिचे ओट्यावर चढले. यास माघार म्हणो नये. मोर्चा बदलला म्हणावे.

कन्येची पहिली उडी बाद जाहली, पाय फळीपुढे पडला. दुसरी बेताची. तिसरीस ती धावत आली, आणि टाकीचे ओट्यावरून सरकारांनी तिची प्रत्येक झेप धरिली, बुटाची नाडी धरिली, उडालेली वाळू कणाकणाने धरिली. उडी पडली ती तिचे आजवरचे सर्वांत लांब. मोजणाऱ्याने हात वर केला, टाळ्या जाहल्या, कन्या गुडघ्यांची वाळू न झाडता उठली आणि दोरीकडे वळली. एकेक चेहरा पाहत तिची नजर या टोकापासून त्या टोकास गेली, आणि पुन्हा परत आली. सरकार ओट्यावर हर्षभरित जाहले. "डोळे बघा! पापणी न् पापणी!" ऐसे टाकीस उद्देशून म्हणाले, आणि बोट दाबोन धरिले, आणि चाळीस चित्रे जाहली. एका मैत्रिणीचे आईने कन्येची पाठ थोपटली, तेही सुरेख मिळाले.

फाटकाशी गाठ पडली. दुसरा क्रमांक आला होता, पदकाची फीत गळ्यात होती. सरकारांनी अभिनंदनाआधी कॅमेरा पुढे केला. कन्येने उन्हावर हाताचा आडोसा करोन पडद्यात पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले. "मस्त आलाय, बाबा. खरंच मस्त." सरकारांचे गतवर्षीचे सारे शल्य निघोन गेले. मग त्यांनी कौतुकाने पृच्छा केली की इतकी रोखोन कोणाकडे पाहत होतीस.

"तुला शोधत होते," ती म्हणाली, आणि कॅमेरा त्यांचे हाती परत दिला.

सरकार लेन्सेवर झाकण घालू लागले, ते तीन वेळां पडले. कन्येनेच उचलोन दिले आणि भूक लागली म्हणाली.

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली ऐसे नमूद करितो. चित्र निःसंशय आपलेच कन्येचे, चेहऱ्यानिशी, डोळ्यांनिशी, यात या वेळी कोणास वाद काढण्यास जागा नाही. एका चित्रात कडेस दोरी आली आहे, दोरीशी दाटीने उभे आईबाप आले आहेत, आणि त्या दाटीत एका माणसापुरती मोकळी जागा आली आहे. लेन्स उत्तम आहे. ती जागाही काठोकाठ स्पष्ट दिसते.